निरोगी रक्तातला सिग्नल: स्क्रब टायफसच्या एका बायोसेन्सरचं नागपुरातलं प्रकरण

स्क्रब टायफस या तापात शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, ओळखणारी एक छोटी इलेक्ट्रोडपट्टी आमच्या गटाने नागपुरात तयार केली. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणात, ती उत्तम चालली. विकत आणलेल्या प्रमाणित सिरमवरही (सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) आलेख हवा तसा सरळ चढत गेला. मग आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांचे नमुने तिच्यावर ठेवले, आणि काही धडधाकट माणसं पॉझिटिव्ह निघाली. एलायझा या प्रयोगशाळेत प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचणीवर आजार पक्का झालेले काही रुग्ण मात्र जवळजवळ शून्यावर आले. या विसंगतीची कारणं कशी सापडली, त्याची ही मांडणी. गटात मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूने होते. नमुने कुठून आणायचे, कसे ठेवायचे आणि निकालाचा अर्थ काय लावायचा, हे माझ्याकडे होतं. इलेक्ट्रोडचं काम रसायनशास्त्रातले सहकारी बघत होते.

सेन्सर हवा होता कशाला

२०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, काही दगावले. विदर्भात हे नाव तेव्हा घरोघरी पोचलं. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे हा ताप येतो आणि माइट या बारीक किड्याची अळी, म्हणजे चिगर, चावल्याने तो माणसात शिरतो. धुऱ्यावरचं गवत, झुडपं, पडीक जमीन ही त्या अळीची जागा. निंदणाला बसणाऱ्या बाया, गुराखी, गवत कापणारे यांना धोका जास्त. अळी चावते तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दिसली तर निदान सोपं होतं. पण काखेत, जांघेत, छातीखाली लपलेली खपली पाहायला कपडे बाजूला करून तपासावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं. बऱ्याच रुग्णांना खपली नसतेच. मग उरतो तो नुसता ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कमी झालेले प्लेटलेट. सप्टेंबरात नागपुरात असा रुग्ण आला की पहिला संशय डेंग्यूवर जातो.

औषध स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं तर ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम होतो. म्हणून भारतातल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की संशय आला की औषध सुरू करावं, तपासणीच्या निकालासाठी थांबू नये.

तपासण्यांची अवस्था अशी. वील-फेलिक्स ही चाचणी १९१६ पासूनची. स्क्रब टायफससाठी तिच्यात प्रोटियस या वेगळ्याच जिवाणूचा ओएक्स-के प्रकार वापरतात, कारण त्याच्याशी रुग्णाची प्रतिपिंडं योगायोगाने जुळतात. ती स्वस्त आहे, पण अनेक रुग्ण तिच्यातून निसटतात. आयजीएम एलायझा, म्हणजे बाधेनंतर लवकर तयार होणारी आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं मोजणारी एलायझा, बरीच चांगली. तिची अडचण वेगळी आहे. एलायझाची प्लेट ९६ खळग्यांची असते आणि प्रत्येक वेळी सोबत कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले नमुने, लावावे लागतात. दोन-तीन नमुन्यांसाठी किट फोडणं परवडत नाही, म्हणून नमुने साठेपर्यंत प्रयोगशाळा थांबते. रामटेक, उमरेड किंवा नरखेडकडून पाठवलेल्या नमुन्याचा निकाल परत जाईपर्यंत रुग्ण बरा तरी झालेला असतो, नाहीतर मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, हलवलेला असतो. एकेक नमुना सुटा तपासता येईल अशी पट्टी हवी होती. हेतू एवढाच.

पट्टीची रचना

प्लास्टिकच्या पट्टीवर कार्बनच्या शाईने छापलेले इलेक्ट्रोड असतात. मधला काम करणारा, बाजूला प्रवाह पूर्ण करणारा आणि चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड. मधल्या इलेक्ट्रोडवर सोन्याचे नॅनोकण बसवले, म्हणजे प्रथिन धरायला जास्त जागा मिळते. त्यावर जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं ५६ किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं एकक) प्रथिन जोडलं. रुग्णाचं शरीर मुख्यतः याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मात्र हेच प्रथिन जिवाणूच्या वाणागणिक बदलतं. त्यामुळे कार्प, काटो आणि गिलियम या तीन वाणांचं मिश्रण घेतलं. एकाच वाणावर भरवसा ठेवला असता तर वेगळ्या वाणाची बाधा झालेला रुग्ण निसटला असता. उरलेली मोकळी जागा बीएसए या अल्ब्युमिनने झाकली.

वर पातळ केलेल्या सिरमचा थेंब. त्यातली आयजीएम प्रथिनाला चिकटते. धुतल्यावर मानवी आयजीएमला पकडणारी दुसरी अँटीबॉडी घालायची, जिला एचआरपी हे एन्झाइम जोडलेलं असतं. पुन्हा धुवायचं. शेवटी टीएमबी हे एन्झाइममुळे रंग बदलणारं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. एन्झाइम टीएमबीचं रूप बदलतं आणि ठरावीक व्होल्टेज लावलं की बदललेल्या टीएमबीच्या प्रमाणात मायक्रोअँपिअरमध्ये प्रवाह मिळतो. म्हणजे रसायन एलायझाचंच, फक्त रंग मोजण्याऐवजी वीज मोजायची. यासाठी लागणारं मोजयंत्र हातात मावेल एवढं करता येतं.

संशयितांची यादी

खऱ्या नमुन्यांचे निकाल उलटसुलट आले तेव्हा पहिला संशय इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर गेला, आणि तो गैर नव्हता. सिरममध्ये प्रथिनांची इतकी गर्दी असते की त्यातलं काहीतरी कार्बनवर, सोन्यावर नको तिथे चिकटतंच. बीएसएऐवजी केसिन हे दुधातलं प्रथिन घेतलं, धुण्याच्या बफरमध्ये ट्वीन-२० हे साबणासारखं रसायन वाढवलं, सिरम आणखी पातळ केलं. थोडा फरक पडला, पण कोडं सुटलं नाही.

सुटलं ते एका साध्या कृतीने. प्रत्येक नमुन्यासाठी दोन पट्ट्या घ्यायच्या. एकीवर अँटिजेन, म्हणजे जिवाणूचं ते प्रथिन, दुसरी कोरी, म्हणजे फक्त केसिनने झाकलेली. दोन्हींवर तोच थेंब. कोऱ्या पट्टीवरही प्रवाह आला तर तो स्क्रब टायफसच्या प्रतिपिंडांचा नाही, हे उघड आहे. असं केल्यावर गोंधळलेल्या नमुन्यांचे तीन ढीग पडले, आणि तिन्ही ढिगांची कारणं वेगवेगळी निघाली. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. त्याआधी आम्ही तीन वेगळे दोष एकच समजून त्यांच्यावर एकच औषध शोधत होतो.

पहिला ढीग: दोन्ही पट्ट्यांवर प्रवाह. या नळ्या मी रॅकमधून काढून खिडकीपाशी उजेडात धरल्या. सिरम गव्हाळ-पिवळं असतं. यातल्या बहुतेक नळ्यांत ते गुलाबीकडे झुकलेलं होतं. रक्त काढताना बारीक सुई लागली, सिरिंज जोरात ओढली, नळी उन्हात राहिली किंवा गाडीत हिंदकळली की लाल पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन सिरममध्ये उतरतं. हिमोग्लोबिनमध्ये लोह असलेला हीम असतो आणि तो पेरॉक्साइडच्या सोबतीने टीएमबीवर एचआरपीसारखंच काम करतो. काम एन्झाइमइतकं जोरकस नसतं, पण पृष्ठभागाला चिकटून राहिलेलं थोडं हिमोग्लोबिनही आकडा वर न्यायला पुरतं. खात्री करायला एचआरपीची अँटीबॉडी न घालताच चाचणी केली. गुलाबी नमुन्यांनी तरीही प्रवाह दिला. एन्झाइम घातलंच नव्हतं, म्हणजे तो दुसऱ्या कुणाचा असणार नव्हता.

यावर इलेक्ट्रोडमध्ये करण्यासारखं थोडं आहे आणि रक्त काढणाऱ्याच्या हातात पुष्कळ आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या लॅब टेक्निशियनला या प्रकल्पात सहभागी करून घ्यायला हवं होतं, असं मला तीव्रतेने वाटलं. नमुना पुरवणारा, एवढीच त्याची ओळख पुरेशी नाही. पुढच्या फेरीत प्रत्येक नमुन्यासोबत सिरमचा रंग एका छापील रंगपट्टीशी ताडून लिहायला सांगितलं. ठरावीक छटेच्या पुढचा नमुना सेन्सरवर ठेवायचाच नाही, पुन्हा घ्यायचा.

दुसरा ढीग उलटा होता. एलायझावर ठळक पॉझिटिव्ह, आमच्या पट्टीवर मलूल. काही जुने नमुने अनेकदा वितळवून पुन्हा गोठवलेले होते आणि आयजीएमला ते सोसत नाही, म्हणून ते बाजूला काढले. तरी ताजे, स्वच्छ नमुने उरले. त्यांना आणखी पातळ केल्यावर खरी गंमत कळली. सिरम पातळ केलं की प्रवाह घटायला हवा, इथे तो वाढला. कारण त्या रक्तात आयजीजी हा नंतर चढणारा, दीर्घकाळ टिकणारा प्रतिपिंडांचा प्रकारही भरपूर होता. हा ताप आधी येऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा झाला, किंवा रुग्ण दुसऱ्या आठवड्यात उशिरा आला, तर आयजीजी चढलेलं असतं. इलेक्ट्रोडवर जागा मोजकी. आयजीजी आकाराने लहान, आयजीएम पाच तुकड्यांचं अवजड. लहान रेणू जागा अडवून बसतात आणि आयजीएमला टेकायला जागा उरत नाही. एलायझाच्या खळग्यात अँटिजेनचा पृष्ठभाग मोठा असल्याने तिथे हे तितकं जाणवलं नव्हतं. उपाय माहितीतला होता: सिरम आधी आयजीजी शोषून घेणाऱ्या द्रावणात मिसळायचं. त्याने आणखी एक फायदा झाला. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे आयजीजीला चिकटणारं आयजीएम असतं आणि त्यामुळे येणारा खोटा पॉझिटिव्हही त्याच पायरीत कमी झाला.

तिसरा ढीग

हा ढीग इलेक्ट्रोडच्या दोषांत बसणारा नव्हता. अँटिजेनच्या पट्टीवर प्रवाह, कोरी पट्टी शांत, सिरम स्वच्छ, आयजीजी काढल्यावरही निकाल तोच. आणि माणूस ठणठणीत. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता, त्या रक्तात आयजीएम होतीच. कटऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यातली सीमारेषा, चुकीच्या जागी होता.

कटऑफ ठरवायची सोपी पद्धत अशी की निरोगी लोकांचे नमुने तपासायचे, त्यांची सरासरी काढायची, तिच्यात प्रमाण विचलनाच्या तिप्पट मिळवायचं आणि त्या रेषेच्या वर सगळे पॉझिटिव्ह. प्रश्न हा की निरोगी लोक कुठले? विकतच्या निगेटिव्ह सिरममागची माणसं हा आजार नसलेल्या प्रदेशातली असण्याची शक्यता मोठी. त्यांच्या रक्ताने आखलेली रेषा फार खाली बसते. आपल्याकडे जिच्या पायाला दर पावसाळ्यात चिगर चावतो, तिला न कळत सौम्य बाधा होऊन गेलेली असू शकते. ताप गेला तरी आयजीएम काही महिने रेंगाळते, काहींत वर्षभरही. अशी बाई जानेवारीत टायफॉइडने आजारी पडली आणि आमच्या पट्टीने तिला स्क्रब टायफस म्हटलं, तर टायफॉइडचा उपचार लांबतो.

म्हणून नैतिक समितीची नव्याने परवानगी घेऊन त्याच गावांतल्या निरोगी माणसांचे नमुने गोळा केले. संमतीपत्रं मराठीत होती, आणि छिंदवाडा, शिवनीकडून नागपुरात येणाऱ्यांसाठी हिंदीत. आजारी माणूस रक्त द्यायला सहसा नाही म्हणत नाही. निरोगी माणसाला पटवणं अवघड. काटोलकडच्या एका गावात निंदण आटोपून आलेल्या बाईने सरळ विचारलं, "मले तं काईच झालं नाई, मंग मायं रगत कायले पायजे?"

आमच्यासोबतचा टेक्निशियन तिकडचाच. तो म्हणाला, "मावशी, आजारी माणसाचं रगत तं घेतलंच आमी. पन चांगल्या माणसाचं कसं असते हे नाई समजलं, तं हे मशीन कोणालेबी आजारी म्हणन."

"असं हाय का," ती म्हणाली आणि बाही वर केली. "मंग पोराचंबी घ्या. तोबी दिवसभर वावरातच राह्यते."

कटऑफ म्हणजे काय हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते, पण इतकं नेमकं सांगितल्याचं मला आठवत नाही. पोराचं रक्त अर्थात त्याला स्वतःला विचारून, त्याची सही घेऊन मगच घेतलं.

निरोगी लोकांइतकीच गरज होती ती दुसऱ्या तापांच्या रुग्णांची: डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टोस्पायरोसिस. डॉक्टरला रोज पडणारा प्रश्न आजारी की निरोगी असा नसतो. समोरच्या तापाचं कारण कोणतं, हा असतो. स्क्रब टायफसचे पक्के रुग्ण एका बाजूला आणि रक्तपेढीतले तरुण दाते दुसऱ्या बाजूला ठेवून काढलेली अचूकता छापायला छान दिसते, वॉर्डात तिचा उपयोग कमी.

मोजून पाहू. समजा पट्टीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांना पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९० टक्के आणि विशिष्टताही (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९० टक्के आहे. सप्टेंबरात तापाच्या १,००० रुग्णांत २०० जणांना खरोखर स्क्रब टायफस असेल तर पट्टी १८० जणांना बरोबर पकडेल आणि ८० जणांना खोटं पॉझिटिव्ह दाखवेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के खरे. मार्चमध्ये १,००० तापांत २० जणांनाच हा आजार असेल तर खरे १८ आणि खोटे ९८. म्हणजे पॉझिटिव्ह म्हणून जे जे सांगितलं त्यातलं साधारण १६ टक्केच खरं. पट्टी तीच, यंत्र तेच, फक्त महिना बदलला. त्यामुळे विशिष्टतेतला एकेक टक्का मिळवण्यासाठी गावोगाव हिंडणं मला वायफळ वाटत नाही.

आणि यात ढिलाई केली तर काय होतं, याचं उदाहरण दूरचं नाही. क्षयरोगासाठी रक्तातल्या प्रतिपिंडांवर आधारलेल्या झटपट चाचण्या आपल्या देशात वर्षानुवर्षं खपल्या. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं बजावलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. प्रतिपिंडं त्या चाचण्यांना सापडत होती. पण ज्या देशात क्षयाच्या जंतूशी संबंध आलेली माणसं सगळीकडे आहेत, तिथे प्रतिपिंड सापडणं आणि आजार असणं यात मोठं अंतर असतं. हे अंतर ज्यांना सोसावं लागलं ते रुग्ण होते. कुणी विनाकारण महिनोन्महिने गोळ्या खाल्ल्या, कुणाचा खरा क्षय निसटला.

तुलना कशाशी करायची

इथे एक अडचण पुरती सुटलेली नाही. आमची पट्टी एलायझाशी ताडली, पण एलायझाही प्रतिपिंडंच मोजते, तेव्हा दोघींची चूक एकाच दिशेने होऊ शकते. प्रतिपिंडं चमकत्या रंगाने दाखवणारी इम्युनोफ्लुरोसन्स ही मानाची पद्धत, पण तिला विशेष सूक्ष्मदर्शक, अनुभवी डोळा आणि दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने लागतात. प्रतिपिंडांची पातळी चौपट वाढली तर निदान पक्कं. बालाघाटहून आलेला, बरा होऊन घरी गेलेला मजूर दुसऱ्या नमुन्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून नागपूरला येत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा करणंही बरं नाही. मग पहिल्या आठवड्यातल्या रुग्णांसाठी पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, नंतरच्यांसाठी एलायझा, जिथे खपली आढळली तिथे तिची नोंद आणि डॉक्सिसायक्लिनला मिळालेला प्रतिसाद, असा एकत्रित निकष ठरवला. तो निर्दोष नाही, पण उघडपणे लिहिलेला आहे.

नागपूरची हवा

पट्टीचा हंगाम पावसाळ्याचा, पण ती त्याआधीचा उन्हाळा कुठल्यातरी कपाटात काढणार. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्रिजमधली जागा लसींची असते. प्रथिन वाळवताना ट्रेहॅलोज ही साखर घातली, त्यामुळे उष्णतेत त्याची घडी टिकून राहते. पट्ट्या सिलिका जेलसह फॉइलच्या पाकिटात बंद केल्या.

दुसरा त्रास आमच्या नाकासमोर होता. प्रयोगशाळेतला कूलर सुरू असला की आकडे एक, दुपारी वीज गेली की दुसरे. एन्झाइमचा वेग तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे तोच नमुना गरम खोलीत जास्त प्रवाह देतो. म्हणून निव्वळ मायक्रोअँपिअरवर निकाल देणं सोडून दिलं. आता एकाच पट्टीवर तीन कप्पे आहेत: अँटिजेनचा, कोरा, आणि ठरावीक मानवी आयजीएम आधीच बसवलेला. निकाल म्हणजे पहिल्यातून कोरा वजा करून तिसऱ्याशी काढलेलं गुणोत्तर. खोली तापली तर तिन्ही कप्पे तापतात आणि गुणोत्तर फारसं हलत नाही. पट्टी थोडी महाग झाली. मला तो खर्च योग्य वाटतो.

सध्या कुठे आहोत

पट्टी अजून प्रयोगशाळेच्या बाहेर पडलेली नाही आणि तिच्यावरून कोणाचाही उपचार ठरत नाही. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली रोगनिदानाच्या साधनांनाही परवाना लागतो आणि त्यासाठी कामगिरीचं रीतसर मूल्यमापन करावं लागतं. त्याची तयारी सुरू आहे. येत्या पावसाळ्यात नमुने निवडून नाही, तर तापाने येणारा प्रत्येक संमत रुग्ण ओळीने घ्यायचा आहे. पट्टी वाचणाऱ्याला एलायझाचा निकाल आधी कळणार नाही.

नमुन्याच्या फॉर्मवर आम्ही दोन रकाने वाढवले आहेत. एक सिरमच्या रंगाचा. दुसरा तापाच्या दिवसाचा, कारण आयजीएम साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागते आणि तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्हला फारसा अर्थ नसतो. हा दुसरा रकाना भरल्याशिवाय यंत्र निकाल दाखवणार नाही, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये केली आहे. ताप पाच दिवसांपेक्षा कमी असेल आणि गुणोत्तर कटऑफच्या खाली असेल, तर पडद्यावर 'निगेटिव्ह' हा शब्द येत नाही. येतं ते असं: 'प्रतिपिंडं अजून तयार झालेली नसतील. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध बंद करू नका. चार दिवसांनी पुन्हा नमुना द्या.'